पप्पा, तो नवस मी फेडणार नाही

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी

प्रिय पप्पा,

तुम्हाला जाऊन उद्या वर्ष होईल. उद्या चर्चच्या उपासनेत मंडळीसमोर उभं राहून मी तुमचा नवस फेडायचं कबूल करावं, असं आपल्या पाळककाकांनी परस्पर ठरवून टाकलंय. म्हणून आधी तुम्हालाच सांगते. मी कबूल करणार नाही!

अहमदनगरला असताना, दोन वर्षांची मी घटसर्पानं मरायला टेकले होते. 'ही वाचली तर तुझ्या सेवेला देईन,' असं तुम्ही देवाला बोललात. मी वाचले. पण मला हे कधी कळलं? इथे अमेरिकेत, ऐंशी साली, कॉलेजचे फॉर्म भरताना! "डिग्री कर. मग बायबल कॉलेज, मग मिशन. लग्न नाही." एवढं बोलून तुम्ही जेवायला बसलात.

आणि मी हो म्हटलं. सतरा वर्षांच्या मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला!

घरच्या प्रार्थनेत बायबलातलं शास्त्र तुम्ही वाचायचं, आम्ही ऐकायचं. काय वाचायचं ते तुमची लाल पेन्सिल ठरवायची. लॅबमध्ये एकेक आकडा तीनदा तपासणारे तुम्ही, आम्हाला मात्र खुणेबाहेरचं एक पान उलटू दिलं नाहीत. का हो?

मग तुम्ही हॉस्पिटलात पडलात आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं. एका दुपारी तुमचा डोळा लागला, तरी मी वाचतच राहिले. जुन्या करारातला तो सरदार. लढाई जिंकली तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन, असा नवस बोललेला. आणि डफ वाजवत सामोरी कोण आली? त्याची एकुलती एक पोर! बापानं तिचा बळी देऊन नवस फेडला. पोरीचं नावसुद्धा कुठे लिहिलेलं नाही.

तुम्ही जागे झालात तेव्हा विचारलं, "पप्पा, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"तो भाग आपल्यासाठी नाही, बेबी," म्हणून तुम्ही भिंतीकडे वळलात.

आपल्यासाठी नाही? मग कोणासाठी? नवसात दिलेली मुलगी या घरात आणखी कोण आहे? तुम्ही आजारी, म्हणून मी गप्प बसले. त्याचंच आता वाईट वाटतं. तुम्ही उत्तर देऊ शकत होतात तेव्हाच भांडायला हवं होतं.

त्यानंतर मी पहिल्या पानापासून सगळं वाचून काढलं. पाळककाका म्हणतात, "गाइडन्सशिवाय वाचलंस, म्हणून कन्फ्यूज झालीस. तुझा फेथ गेला." गेला तो तुमच्या खुणांवरचा विश्वास! देवाशी माझं भांडण अजून चालू आहे. सगळं गमावून, राखेत बसून देवाला जाब विचारणारा माणूस त्याच पुस्तकात आहे, आणि त्याच्यावरही तुमची खूण नव्हती.

सिएटलहून पत्र आलंय. भूगर्भशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळाला. मी जाणार आहे.

आज सकाळी आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, देवाला दिलेला शब्द तो. मोडायचा कसा?" मी वाद घातला नाही. स्वयंपाकघरातच तिला तो अध्याय वाचून दाखवला. पप्पा, जन्मभर चर्चला गेलेल्या आईला ती गोष्ट ठाऊकच नव्हती! ती हातातलं उलथनं तसंच धरून ऐकत राहिली.

मग तिनं विचारलं, "आणि तिची आई? ती कुठे होती?"

मी मागची-पुढची पानं शोधली. तिच्या आईचा उल्लेखच नाही.

आईनं स्टोव्ह बंद केला. म्हणाली, "उद्या मी तुझ्या शेजारी उभी राहीन."

तेव्हा पप्पा, आता मीही तुम्हाला एक शब्द देते. उद्या मी तुमच्या आवडीची गीतं म्हणेन, तुमच्यासाठी रडेनही. नवसाचं विचारलं की सरळ नाही म्हणेन. आणि शास्त्र वाचायची माझी पाळी आली की तोच अध्याय वाचेन, मोठ्यानं, मागच्या रांगेतल्या मुलींनाही ऐकू जाईल असा.

तुमची, आणि तरीही कोणाला दिलेली नसलेली,
शालिनी