प्रार्थनेतसुद्धा नाही

बाई,

तुम्हाला लिहायचं मी टाळत आलोय. गेल्या रविवारी वही विकत आणली, पण त्या दिवशी दमलो होतो. मंगळवारी पार्सलं जास्त होती. काल बसलो, तर पत्र सोडून मागच्या पानावर विमान काढत राहिलो. ओझरला विमानांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पाच महिने ताटं धुतली, तेव्हापासून ही खोड लागलीय. ते तुमच्यानंतरचं, तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला सोडून गेल्यावर मी बरंच हिंडलो. सुरत, गोवा, मग पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगमध्ये दोन सीझन. ते सांगत बसलो तर मूळ गोष्ट पुन्हा राहील, आणि आज ती राहून चालणार नाही. आज शनिवार आहे, दुपारचे चार वाजलेत. मी चर्चच्या मागच्या खोलीत बसलोय, जिथे सतरंज्या आणि तबला-पेटी ठेवतात. पाच वाजेपर्यंत एक मुलगा इथे येऊन मला सांगणार आहे की त्याने त्याच्या होणाऱ्या बायकोला सांगितलं. तो आला नाही तर उद्या सकाळी भर उपासनेत मी बोलायचं की गप्प बसायचं हे मला समजत नाही, आणि विचारावं असं तुमच्याशिवाय माणूस नाही.

नाशिक रोडला परत येऊन मला दोन वर्षं झाली. पाळकसाहेब नवे आहेत. तीन चर्च सांभाळतात, रविवारी उपासना घेतात आणि लगेच पुढच्या ठिकाणी निघतात. तुमच्या जागी कुणाला नेमलंच नाही. बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन आजाऱ्यांजवळ बसणारी, वचन वाचून दाखवणारी बाई, हे आता पोरांना समजावून सांगावं लागतं. मी जेल रोड, उपनगर, सिन्नर फाटा असा पार्सलं टाकत फिरतो हे पाळकसाहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, तू तसा हिंडतोसच, जाता येता म्हाताऱ्यांकडे डोकावत जा. त्यांना माझं जुनं प्रकरण ठाऊक नाही. मी हो म्हणालो, आणि तुम्हाला पाहिलं होतं तसं करायला लागलो. बाहेर सोफ्यावर बसायचं नाही, सरळ स्वयंपाकघरात जायचं. हाताला काहीतरी काम मागून घ्यायचं, म्हणजे समोरच्याला आपल्या डोळ्यांत बघावं लागत नाही. चहा होईल तितका लांबवायचा, कारण चहा झाला की पाहुणा उठतो. माझ्या वाट्याला बहुतेक लसूण येतो. मागे एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की साडीच्या पार्सलला लसणाचा वास येतोय.

असाच दोन महिन्यांपूर्वी एका काकूंकडे गेलो होतो. विधवा आहेत, गुडघ्यांनी त्रासलेल्या, एकुलता मुलगा सिन्नरच्या एमआयडीसीत स्टोअरमध्ये कामाला. मी सलाम करून आत गेलो, त्या पोळ्या लाटत होत्या, मी सोलत होतो. मुलगा पाणी घ्यायला आला आणि त्याच्या हातातून तांब्या पडला. मला वाटलं निसटला. मग तो स्वतःच पडला, ताठ, आणि त्याचे हातपाय झटके द्यायला लागले. काकूंनी आधी काय केलं सांगू? आधी पुढचं दार लावलं. मग खिडकी लावली. मग पोराचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तो शुद्धीवर आल्यावर मी त्याच्यासोबत गच्चीवर गेलो. तीन वर्षांपासून फिट येतात म्हणाला. गोळ्या घेतल्या की येत नाहीत, त्या आठवड्यात चुकल्या होत्या. गोळ्या तो व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवतो, कुणी बघितलं तर कळू नये म्हणून. मी म्हणालो, अरे, आजार आहे, पाप थोडंच आहे? तो खाली रस्त्याकडे बघत राहिला.

"दादा, हे कुणाला सांगू नका. प्रार्थनेतसुद्धा नाही."

मी शब्द दिला. आणि महिन्याभरात त्याचं लग्न ठरलं. आपल्याच मंडळीतली मुलगी आहे, दाताच्या दवाखान्यात कामाला जाते, संडे स्कूलच्या मुलांना शिकवते. तिला यातलं काहीच माहीत नाही.

आता तो बुधवार. तुम्ही होता तोवर तुमच्यासमोर मी तो कधी नीट सांगितला नव्हता. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, बारावी सोडलेली, काम नाही, पण प्रार्थना अशी करायचो की बायका डोळे पुसायच्या. मला ते कळायचं आणि आवडायचं. त्या सोमवारी मी स्टेशनवर बाकावर बसलो होतो. कुठे जायचं नव्हतं, गाड्या बघायला बसायचो. आपले तबला वाजवणारे भाऊ शेजारी येऊन बसले. तीन वर्षं सुटलेली दारू महिन्याभरापासून पुन्हा सुरू झाली होती, बायकोला पत्ता नव्हता, आणि एवढा मोठा माणूस माझ्याजवळ रडला. माझी छाती फुगली, बाई. घरी जाताना मी रस्ताभर शब्द जुळवत होतो. बुधवारच्या प्रार्थनेत सगळे डोळे मिटून बसलेत, आणि मी भाऊंचं नाव घेऊन म्हणतोय, प्रभू, तुझ्या या दासाच्या हातातला पेला काढून घे. आवाजही चांगला लागलाय. भाऊंची बायको समोरच्या भिंतीला टेकून बसलीय हे मला माहीत होतं. माहीत असून मी थांबलो नाही. आमेन उशिरा आलं. मी डोळे उघडले तर तिचे आधीच उघडे होते. ती उठली, दारात गेली, आणि त्या चपलांच्या ढिगात तिला तिची चप्पल सापडेना. कुणी मदतीला उठलं नाही. बराच वेळ आम्ही सगळे तिला चप्पल शोधताना बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आलो. खरं सांगतो, शाबासकी घ्यायला आलो होतो. तुम्ही सुपात तांदूळ निवडत होता. हरसूलकडून आणलेला तो जाडा तांदूळ, त्यात खडे फार. सूप रिकामं होईपर्यंत तुम्ही खडे वेचत राहिलात आणि मी आपला बडबडत होतो, माझी प्रार्थना ऐकून कोण काय म्हणालं ते.

"देवाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं का रे पोरा?" तुम्ही म्हणालात.

मी म्हणालो, ठाऊक असणारच.

"मग तू कुणाला ऐकवत होतास?"

मग तुम्ही सूप भिंतीला टेकवून ठेवलंत आणि जे सांगितलंत ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. भाऊंनी ते तुम्हालाही सांगितलं होतं, माझ्या आधी. तुम्ही महिनाभर त्यांच्याकडे जात होता, बसत होता, आणि शेवटी ते तयार झाले होते. येत्या रविवारी बायकोला स्वतःच्या तोंडाने सांगणार होते, तुम्ही सोबत जाणार होता. "चार दिवस राह्यले होते," तुम्ही म्हणालात. ओरडला नाहीत. ओरडला असता तर बरं झालं असतं. शिक्षा दिलीत ती अशी की तीन महिने तोंडाने प्रार्थना करायची नाही, ओठ मिटून मागे बसायचं आणि बघायचं, ऐकणारं कुणी नसलं की देवाशी बोलायला आपल्याकडे काय उरतं ते.

पाच रविवार बसलो. काही उरत नव्हतं, बाई. तेच सहन झालं नाही आणि मी न सांगता सुरतेला निघून गेलो. तुम्ही पावसाळ्यात गेलात, मला दिवाळीनंतर कळलं. भाऊ परत कधी चर्चला आले नाहीत. शेवटपर्यंत तुम्ही त्यांच्या घरी जात होता असं लोक सांगतात. ते अजून तिथेच राहतात. त्यांच्या नावाचं एक पार्सल एकदा माझ्या पिशवीत आलं, ते मी दुसऱ्या पोराला देऊन टाकलं.

म्हणून विचारतो. भाऊ रविवारी खरंच बोलणार होते का? आणि नसते बोलले, तर तुम्ही काय केलं असतं? त्यांच्या बायकोला आयुष्यभर अंधारात ठेवलं असतं? अकरा वर्षं मी तुमचे ते चार दिवस मोजतोय, पण पाचव्या दिवसाचं तुम्ही काही बोलला नव्हता.

लग्नाच्या आधी तीन रविवार उपासनेत सूचना वाचतात, हे तर तुम्हाला पाठ. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांच्या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने आताच सांगावं. दोन वाचून झाल्या. गेल्या रविवारी पाळकसाहेब ते वाचून थांबले. थांबायचंच असतं, रीतच आहे. एरवी त्या वेळात कोणी खोकतं, एखादं पोर रडतं. मला वाटतंय की हे थांबणं संपतच नाहीये. पुढे पुरुषांच्या बाजूला तो बसलाय आणि मान वळवून थेट माझ्याकडे बघतोय. ती बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर आहे, केसांत अबोली. तीही वळली, मला बघून हसली. मीच महिन्याभरापूर्वी तिच्या संडे स्कूलच्या मुलांना खडूंचा डबा आणून दिला होता, तेव्हापासून ती मला चांगला माणूस समजते. पाळकसाहेबांनी पान उलटलं. मी बसून राहिलो.

गुरुवारी मी त्याला सिन्नर फाट्यावर गाठलं. कंपनीच्या बसमधून उतरत होता. मी म्हणालो, तिला सांग. तो म्हणाला, लग्नानंतर सांगतो, आत्ता सांगितलं तर तिचे वडील मोडतील. मी म्हणालो, मोडायचं की नाही ते तिला ठरवू दे, तिला सांगितल्याशिवाय तू तिच्याकडून वचन कसं घेणार? चिडला. तुम्ही शब्द दिलाय म्हणाला. मी म्हणालो, दिलाय, म्हणूनच तर तुझ्याकडे आलो, तिच्याकडे नाही गेलो. माझा आवाज चढलेला, आजूबाजूचे रिक्षावाले बघायला लागलेले.

"आणि नाही सांगितलं तर? रविवारी उभे राहणार?" मग हसला, पण वाईट हसला. "राहालच. तुम्हाला सवय आहे."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्या बुधवारी तेरा-चौदा वर्षांचा असेल, आईशेजारी सतरंजीवर बसलेला असेल. सगळं ठाऊक असून गच्चीवर तो माझ्याजवळ मनातलं बोलला होता. का बोलला असेल? मी गाडीला किक मारली, ती लागेना, पुन्हा मारली. निघताना एवढंच म्हणालो की शनिवारी पाचपर्यंत मी चर्चमध्ये असेन, तिला सांगून ये. रविवारी काय करीन ते मी त्याला सांगितलं नाही. मला स्वतःलाच माहीत नव्हतं. पण त्याला तसं वाटू दिलं, की मी उभा राहीन. ही धमकीच झाली. तुम्ही कधी कुणाला अशी मुदत घातली नसती. एवढं लिहिताना मला कळतंय की ती मुदत तिच्यासाठी नव्हतीच. मला या गोष्टीतून लवकर सुटायचं होतं.

पाच वाजून गेले. मधे उठून दोनदा गेटपर्यंत जाऊन आलो, एकदा उगाच सतरंज्यांच्या घड्या पुन्हा घातल्या. फोन केला नाही.

बाई, आत्ता गेट वाजलं म्हणून बाहेर गेलो होतो. तो नाही. ती आलीय. एकटी, दवाखान्यातून सुटून तशीच, गळ्यात ओळखपत्र. मला म्हणाली, "तो म्हणाला, दादांना विचार. काय विचारायचं ते मात्र सांगेना. तुम्हीच सांगा ना, दादा." चेहरा हसरा ठेवलाय, पण ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळतेय, सोडतेय. मी म्हणालो, दोन मिनिटं थांब, किल्ल्या घेऊन येतो. किल्ल्या खिशातच आहेत. तेवढ्यात हे लिहितोय.

तिला मी काही सांगणार नाही. तिला घेऊन त्याच्या घरी जाणार आहे, त्याच्यासमोर बसवणार आहे, आणि तो बोलेपर्यंत उठणार नाही, रात्र झाली तरी. एवढं मला सुचलंय. तुम्ही हेच केलं असतं की नाही, माहीत नाही. पण एक कबूल करतो. तिने विचारलं तेव्हा घाबरण्याआधी मला बरं वाटलं, की आता मला सांगायची परवानगी मिळाली. वाक्यसुद्धा जुळलं मनात, हळू आवाजातलं, छान. त्याचं घर इथून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि तेवढा वेळ मी तोंड बंद ठेवीन असं तुम्हाला लिहून द्यायला माझा हात धजत नाही.