हनोईच्या मासळी बाजारात माझी भवानी

ती. ताईस,

हनोईहून धाकट्या लुआचा वाकून नमस्कार. तू, भावोजी आणि तुझी ती भांडकुदळ बदकं खुशाल असाल. तिकडे कान थो गावात नदीचं पाणी अंगणातून उतरलं असेल आणि यंदाही तुझी चिंच शेजाऱ्यांनीच झोडपली असेल, असं धरून चालते. मी जिवंत आहे. (थंडीने नाकाचं टोक गेलं असं वाटतं, पण हात लावून पाहिलं, आहे.) हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण इथल्या भिंती पापडासारख्या आहेत आणि पलीकडे विहीणबाई असतात. माझ्या लेकीची, दिएमची मैत्रीण उद्या विमानाने तिकडे येते आहे, तिच्या हाती हे पत्र देते.

विहीणबाई म्हणजे तुयेतबाई. अजून विहीण व्हायच्यात, म्हणून तर ही सारी खटपट. निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज इतका हळू, की आपणच काहीतरी चुकलोय असं वाटत राहतं. पहिल्याच रात्री जेवताना मी कौतुकाने म्हटलं, जावई जरा ओम दिसतो हो. आता आपल्याकडे ओम म्हणजे बारीक, पण या लोकांत ओम म्हणजे आजारी! बाईंनी पोराच्या पुढची मासळी उचलली आणि पातळ पेज ठेवली. बिचारा खोई लग्नाआधीच सासूमुळे उपाशी. तेवढ्यावर भागलं असतं, पण पेज वाढता वाढता बाई म्हणाल्या, "तुमच्या दक्षिणेत सगळ्यातच साखर घालतात ना? लहान मुलांना आवडत असेल." दिएमने मान खाली घातली. ताई, आपल्या पोरीची मान खाली गेलेली मला बघवत नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की परवा मी मरळीचं आंबट सार करणार, आपल्या आईच्या पद्धतीचं, आणि त्यात साखर घालणार. दिएमने टेबलाखाली चिमटा काढला. तो अजून काळानिळा आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जवळच्या मासळी बाजारात गेले. आपल्या बाजारात कसं, होडीला होडी लावायची, निम्म्याने भाव मागायचा, आईबाप काढायचे आणि शेवटी हसत हसत घ्यायचं. इथे पत्र्याच्या घमेल्यांत जिवंत मासे आणि मागे कापूस भरलेली जाड बंडी घातलेली एक थोराड बाई, थोआबाई तिचं नाव. मी मरळ बघितली, कल्ले उघडून बघितले, दुसरी काढायला लावली, तिसरी काढायला लावली, भाव विचारला, निम्मा सांगितला, आणि रीतीप्रमाणे पुढे चालायला लागले. (हाक मारेल म्हणून. आपल्याकडे मारतात.) हाक नाही, जळका वास आला. वळून बघते तर बाईने कागद पेटवलाय आणि मी उभी होते त्या जागेवरून ओवाळतेय! जणू तिथे हडळ उभी होती.

"जा, साखरेची पुडी!" ती ओरडली. "तोंड गोड आणि हात आखडता! सकाळी सकाळी माझी भवानी नासवली!"

"अहो, भाव केला नाही तर विकणाऱ्याला काय वाटेल?" मी म्हटलं.

"मग तुमच्या होडीतच बसून करा ना!"

अख्खी गल्ली हसली. त्यानंतर मला कोणी कोथिंबिरीची काडी विकेना. माझी सावली पडली की बायका टोपल्या झाकत होत्या. घरी रिकामी पिशवी घेऊन गेले. विहीणबाईंनी पिशवीकडे बघितलं आणि चहा ओतला.

मग मी हट्टालाच पेटले. रविवारी पुन्हा गेले, कुणीतरी आधी भवानी करेल म्हणून खांबाआड उभी राहिले. कोणी येईना. बारीक भुरभुर लागली, बोटं बधिर झाली. थोआबाईने मला कधीच पाहिलं होतं. "भिजतेस कशाला, आत ये," म्हणाली, "पण नुसती चौकशी केलीस तर काडेपेटी खिशातच आहे!"

तेव्हा मी काय केलं, सांगते. सगळ्यात मोठी मरळ दाखवली आणि तिने सांगितला तो भाव, भाव न करता, दिला. (आई वर असेल तिथे कपाळ बडवत असेल.) थोआबाईचा हात हवेतच राहिला. तिने नोटा उजेडात धरून बघितल्या. आणि ताई, त्याच घडीला एक हॉटेलवाला आला आणि अख्खं घमेलं घेऊन गेला, मग आणखी दोघी, मग रांगच! माझा पायगुण म्हणे. थोआबाईने अननस मागवून दिला, अळूचे देठ शोधून आणवले. आपली ती भातखाचरातली पालेभाजी मागितली तेव्हा मात्र खो खो हसली. "ती इथे कुठली! शेपू घाल. आणि चिंचेऐवजी हे आमचं हिरवं आंबट फळ. माशाला काय कळतंय, तो मेलाय."

सार केलं. शेपूचं, त्यांच्या आंबटाचं आणि माझ्या साखरेचं. विहीणबाईंनी एक चमचा घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. "खाण्यासारखं झालंय," म्हणाल्या. मी रडायच्या बेतात. खोई कानात म्हणतो, काकू, आई यापेक्षा जास्त कुणालाच म्हणत नाही. त्याने तीन वाडगे संपवले. मग बाईंनी विचारलं, मासा कुठून? मी थोआबाईचं नाव घेतलं आणि बाई चक्क लाल झाल्या. "मीही एकदा भवानीच्या वेळी भाव करून निघून आले होते. तिने माझ्यामागेही कागद जाळला. मुख्याध्यापिका होते हो मी! तेव्हापासून त्या गल्लीत पाऊल नाही. गोठवलेलाच मासा आणते."

आज सकाळी मी त्यांचा हात धरून गल्लीत घेऊन गेले. येईनात, तर ओढतच नेलं. थोआबाईने खिशाकडे हात नेला, मी म्हटलं, खबरदार, ही माझी विहीण आहे. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग तुयेतबाईंनी त्या हळू आवाजात सगळ्यात मोठी मरळ मागितली. परत येताना रस्ताभर माझा दंड धरून चालत होत्या आणि लग्न नव्या वर्षानंतर करू, म्हणाल्या. दिएमला अजून खरं वाटत नाहीये.

तुझी,
लुआ

ता. क. दिएमसाठी ती पालेभाजी ओल्या फडक्यात गुंडाळून पाठव. शेपूने भागतं, पण शेपू तो शेपूच.

ता. क. आता खरं काम. ह्यांना उत्तरेकडची सोयरीक नको आहे, हे तुला माहीतच आहे. म्हणून मी हनोईला आले आहे हे त्यांना ठाऊक नाही. तू मोरीत पडलीस आणि मी तुझी सेवा करते आहे, असं सांगून निघाले. शनिवारी ते फळं घेऊन तुला बघायला येणार आहेत. कृपा करून लंगड. डावा पाय. मी बाजारात गेले आहे म्हणून सांग, ते काही खोटं नाही. आणि त्यांचं पोट भरलं, की हळूच सांग, लग्न ठरलं.