वाचलेली बाई

आई, भुताच्या सिनेमात शेवटी कोणती मुलगी उरणार हे तू सुरुवातीलाच सांगायचीस. बाबा गेल्यावर तुला लग्नाकार्यात कोणी नेईनासं झालं. काकांचं अख्खं बिऱ्हाड केळझरला लग्नाला निघालं, की घरादाराच्या किल्ल्या तुझ्या हातात पडायच्या, वर मोठा विश्वास टाकल्याचा आव. मी पोटदुखीचं निमित्त करून मागे राहायचे. मग काकांच्या व्हीसीआरवर आपण भाड्यानं आणलेली कॅसेट लावायचो, भर दुपारी, दार लोटून. पडद्यावर पोरं-पोरी बंगल्यात मजा मारायला जमतायत, तू डाळ निवडतेयस आणि मान वर न करता कोपऱ्यातल्या एकीकडे बोट दाखवतेस. "हे पोरगी वाचते पाह्य. हिले कोनी नाचाले बलावलं नाई." तुझा अंदाज सहसा चुकत नसे. एकदा मी विचारलं, वाचून मग ती काय करते? तू म्हणालीस, "काय करन? घर राखन."

तेव्हा मी हसले होते. आता माझी लेक मोबाइलवर तसलेच सिनेमे बघते आणि मीही शेजारी बसते. सगळे मरतात, एक रक्तानं माखलेली उरते, उजाडतं, संपलं. तिला घरी कोणी जेवायला वाढलं का, हे काही दाखवत नाहीत. फार तर दुसऱ्या भागात पुन्हा त्याच बंगल्यात नेऊन सोडतात.

काल लेकीची हळद होती. तिचे बाबा जाऊन काही वर्षं झालीत, म्हणून जाऊबाईंनी गोडीगोडीनं सांगितलं की पहिली हळद त्या लावतील, मी आत चहाचं बघावं. मी निघालेही होते. लेक पाटावरूनच म्हणाली, "आई, तू लावल्याबिगर मी कोनालेच हात लावू देत नाई." मी मागे फिरले आणि तिच्या गालांना हळद लावली. कोणाला काही झालं नाही, चहा तेवढा उतू गेला.

नंतर सगळे म्हणाले, तुझी आई असती तर भरून पावली असती. माझ्या हळदीला तू काकांच्या समुद्रपूरच्या त्याच घरात, आतल्या खोलीत भांडी पुसत बसली होतीस. दाराकडे बघतही नव्हतीस. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. काल मला आनंद झाला नाही. राग आला, आणि तो जाऊबाईंचा नव्हता, तुझा होता. त्या दिवशी मला तुझा हात हवा होता.