पोटुशी गप्पी

शनिवार, संध्याकाळ

इथे आखातात, फुजैराच्या डोंगरातल्या ओढ्यातले इथले मूळ मासे वाचवायला आमच्या टीमने दोन वर्षं घातली. आणि आज सहलीला गेलो, तर सासूबाईंनी घरच्या माशांच्या टाकीतली पोटुशी गप्पी त्याच ओढ्याच्या डोहात सोडली!

"पहिलं बाळंतपण काचेच्या पेटीत? माहेरी पोचवली बाई तिला."

माहेर कसलं! तिची पिल्लं, मग पिल्लांची पिल्लं. आमच्या माशांची अंडी खाऊन डोह खलास करतील. दुपारभर जाळी फिरवली, सापडली नाही. ते फुगलेलं पोट डोळ्यांपुढून हलत नाही. टीमला फोन करायचाय, धीर होत नाही.

आत्ता जेवताना सासूबाईंनी विचारलं, "सुखरूप असेल ना गं ती?"

"असेल," म्हटलं.

तीच तर भीती आहे.