मंदाक्रांतेचं पहिलं अंडं

३ फेब्रुवारी
चि. ठकीस अनेक आशीर्वाद.
तुमच्या उबवणी केंद्रातल्या साहेबांनी वाकड्या बोटापायी टाकून दिलेलं जे पिल्लू तू पिशवीत घालून माझ्याकडे आणलंस, ते आता परसात डौलात फिरतं. माझ्या कोंबड्यांना वृत्तांचीच नावं. हिची संथ चाल पाहून मंदाक्रांता ठेवलं. मालिनी नि शिखरिणी बहुतेक रोज अंडं देतात. ही अजून उपोद्घातातच आहे. तुझ्या वहिनीनं बजावलंय, महिनाअखेर अंडं दिसलं नाही तर ही खाटकाकडे जाणार.
एक गुण मात्र नमूद करतो. मी जवळ गेलो की ती पंख किंचित पसरून खाली वाकते. इतका विनय माझ्या एकाही संस्कृतच्या विद्यार्थ्यानं दाखवला नाही. वहिनी म्हणते, विनयाचं ऑम्लेट होत नाही.
लोभ आहेच, त्याला कोंबड्यांसारखे रोज दाणे घालावे लागत नाहीत.
तुझा दादा

८ फेब्रुवारी
ती. दादास सा. न. वि. वि.
अरे, तो विनय नव्हे! अंड्यावर आलेली कोंबडी अशीच दबून बसते. तुरा लाल झालाय का बघ, खुराड्यात कोरडं गवत घाल. भारी अंगाच्या जातीला उशीर होतोच. आणि रोज एक अंडं ही अपेक्षा कुठल्याच कोंबडीकडून ठेवू नये; आठवड्याला चार-पाच म्हणजे पुष्कळ, पिसं झडताना तीही नाहीत. वहिनीला म्हणावं, जरा दमानं घे.
त्या पिल्लासाठी मी साहेबांशी सगळ्यांदेखत भांडले होते. ते हसून म्हणाले होते, हिच्यानं एक अंडं व्हायचं नाही. ती खाटकाकडे गेली तर त्यांचंच खरं ठरेल रे.
माया तिच्यावरही असू दे.
तुझी ठकी

२६ फेब्रुवारी
चि. ठकीस आशीर्वाद.
झालं! आज सकाळी. लिंबाएवढं, पण अंडंच. मंदाक्रांतेनं असा गलका केला की मालिनी-शिखरिणी गप्प. तुझी वहिनी ते ओंजळीत घेऊन गल्लीभर दाखवत फिरली. सांगत होती, आमची मंदा पहिल्यापासूनच गुणाची. मी तवा काढला तर माझ्यावरच डोळे वटारले. रविवारी कापसात गुंडाळून ते ती तुझ्याकडे आणते आहे.
मंदाक्रांता अजून वाकते. मीही आशीर्वाद देतोच. कारण कळलं म्हणून रीत का मोडा?
तुझा दादा

४ मार्च
ती. दादास सा. न.
आज ते अंडं मी साहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवलं. त्यांनी विचारलं, एवढंसं कुणाचं? मी मान ताठ ठेवून सांगितलं, वाकड्या बोटाच्या पिल्लाचं. ते उठले, टाकून द्यायच्या टोपलीपाशी गेले आणि एकेक पिल्लू पुन्हा हातात घेऊन पाहू लागले.
दोन मला दिलीत. वहिनीला सांग, खुराडं वाढवायला घे. नावं तू शोध, पण या खेपेला जरा चपळ वृत्तं निवड.
तुझी ठकी