पिवळा मुखवटा

गांगमाल,
२६ सप्टेंबर १९८६

चि. इनसुकला ताईचे अ. उ. आ.

सुगीच्या सणाला तू आली नाहीस म्हणून रागावणार होते, पण रागवायलासुद्धा घरात दुसरं माणूस लागतं. तुझे दाजी गेल्यापासून घर असं झालंय की भातावरचं झाकण वाजलं तरी दचकायला होतं. भात मात्र अजून दोघांचाच लावला जातो. उरलेला कोंबड्या खातात. सगळ्या गावात माझ्या कोंबड्यांइतक्या लठ्ठ कोंबड्या नाहीत.

दिवसभरात हक्काचा आवाज एकच. दिवेलागणीला चिलबोक भावजी फाटकाशी येऊन खाकरतात. बायको नाही, पोर नाही, दोन घरं सोडून एकटेच राहतात. वहिनी, जिवंत आहात ना, एवढं विचारतात आणि नदीतून आणलेले मासे दाखवतात. मग ओट्यावर बसून ते कच्चेच चिरायचे, तिखट-आंबट लाल चटणीत बुडवायचे आणि वर सोजूच्या दारूचा घोट. यांचंही असंच चालायचं, तुला ठाऊकच आहे. शेवटी यांचे डोळे, तळवे, नखं कशी गिंकोच्या पानांसारखी पिवळी झाली, तेही तू पाहिलंस.

इनसुक, गेल्या आठवड्यात भावजींच्या डोळ्यांत मला तोच रंग दिसला. तसं बोलले, तर म्हणाले, वहिनी, तुमचा दिवाच पिवळा आहे. यांच्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की कच्च्या माशातून कृमी पोटात जातात, यकृतात घर करतात, आणि पुढचं सगळं त्यातूनच होतं. भावजींना ते मान्य नाही. दादाची वेळ भरली होती म्हणे. मासा खाऊन माणसं मरती, तर या नदीकाठी एकही मिशी उरली नसती म्हणे. तपासणीला शौचाची डबी द्या म्हटलं, तर असली डबी वहिनीच्या हातात देऊ का, म्हणून तडकले आणि दोन दिवस फाटकाशी आलेच नाहीत. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

तू जन्मभर प्रयोगशाळेत हेच कृमी बघत बसलीस. काहीतरी सुचव. हे गेले, आता भावजी नकोत जायला. फाटकाशी खाकरणारं मला दुसरं कोणी नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी दॉकसुनताई

*

देगू,
८ ऑक्टोबर १९८६

ती. ताईस इनसुकचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून कोंबड्यांचा हेवा वाटला. इथे मी एकटीपुरता भात लावते, तो उरतही नाही आणि पुरतही नाही.

भावजींचा आजार पत्रावरून कळायचा नाही. कृमी असतील तर त्यांवर आता चांगल्या गोळ्या निघाल्या आहेत, आमच्या केंद्रात फुकट मिळतात. पण आधी डबी हवी. आणि त्यांना एवढं सांग, की सोजूनं कृमी मरत नाही, चटणीनंही नाही. नीट शिजवल्यावरच मरतो. आमची भित्तिपत्रकं पाठवली असती, पण मागच्या वेळची तुमच्या गावात खिडक्यांना चिकटवलेली पाहिली मी, तीही उलटी.

तुला आपल्या शाळेतलं नाताळचं नाटक आठवतं? पुठ्ठ्याचं गाढव तू केलं होतंस. बाळ येशूकडे कोणी पाहीना, सगळे त्या गाढवाकडेच बघत होते. सिस्टर बेनिग्ना रागावल्या आणि मग तोंडाला रुमाल लावून हसत बसल्या. त्या म्हणायच्या, शिकवलेलं माणूस विसरतं, पाहिलेलं विसरत नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला तुमच्याकडे मुखवट्यांचा नाच असतो. या वेळी त्यात कृमी आण. सोबत चित्र पाठवते: पानासारखा चपटा आहे, पुढे एक आणि पोटाशी एक अशी चिकटायची दोन तोंडं. आणि एक आजारी माणूसही हवा. भोपळ्याचे मुखवटे तुझ्याइतके सुरेख कोण करतं? मी सूक्ष्मदर्शक घेऊन येईन. गावानं आधी नाच पाहावा, मग माशाच्या मांसात वळवळणारं ते पिल्लू स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

भावजींना नमस्कार सांग, आणि डबीचं आत्ताच काढू नकोस.

तुझ्या मायेची भुकेली,
इनसुक

*

देगू,
२० फेब्रुवारी १९८७

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तू बांधून दिलेल्या किमचीचा वास बसभर सुटला होता, म्हणून शेजारी कोणी बसलं नाही. प्रवास ऐसपैस झाला.

ताई, असा नाच मी जन्मात पाहिला नव्हता. कृमीचं सोंग भावजी घेतील असं कुणाच्या स्वप्नात तरी होतं का? काय ते सरपटणं, काय ते म्हाताऱ्यांच्या मांडीला चिकटणं! सरपंचांच्या पोटाला तोंड लावून, इथे जागा भाड्यानं मिळेल का, असं विचारलं, तेव्हा मीही डोळे पुसले. पण त्याचं फळ काय झालं, ते आपण दोघींनी पाहिलं. कृमी गावाचा लाडका झाला, आणि त्याच्या कौतुकासाठी त्याच संध्याकाळी पराती भरभरून कच्चा मासा चिरला गेला! सूक्ष्मदर्शकाला आजीबायांनी रांग लावली खरी, पण भावजी म्हणाले, माझी नजर अधू आहे. नदीतला मासा काठावरून ओळखणारी नजर!

रागावणार नसशील तर एक लिहिते. त्या नाचात चोर होता, पण लुटलेलं घर नव्हतं. आजारी माणूस कुठे होता? मुखवटा नीट झाला नाही, असं तू सगळ्यांना सांगितलंस. पण निघायच्या सकाळी मी रजई ठेवायला पेटी उघडली, आणि तळाशी दाजी दिसले. तेच डावीकडे ओढलेलं तोंड, तोच पिवळा रंग. मी पेटी बंद केली आणि चहा प्यायला आले. तुला काही विचारवलं नाही.

मला दूर लोटू नकोस,
इनसुक

*

गांगमाल,
११ एप्रिल १९८७

चि. इनसुक, अ. उ. आ.

दूर कशाला लोटेन? तुझ्यापेक्षा दूर आता माझं उरलंय तरी कोण? पण तुझ्या पत्राला उत्तर लिहायला हात धजत नव्हता.

आमच्याकडची रीत तुला माहीत आहे. नाचलेला मुखवटा त्याच दिवशी जाळायचा. वर्षाची सगळी इडापिडा त्याच्यासोबत जाते म्हणतात. म्हणून दिला नाही. यांचा एकच फोटो आहे, तो ओळखपत्राचा. त्यात हे कुठल्यातरी कचेरीतल्या माणसासारखे दिसतात. भोपळ्यावर कागद चढवताना मात्र तोंड आपोआप तसं वळलं. आता तू सांग, एकदा यांना मातीत ठेवून आल्यावर परत जाळायला कशी देऊ?

भावजींना महिनाभर बारीक ताप आहे. अंगाला खाज सुटते, तर म्हणतात पिसवा झाल्या. पुढच्या महिन्यात यांचं वर्षश्राद्ध आहे. भावजी दादाच्या आवडीचा कच्चा मासा घेऊन येतील, पानावर मांडतील. आणि पूजेनंतर प्रसाद नको कसं म्हणायचं? पान वाढलं की सगळे खातात. भिंतीवरचा क्रूससुद्धा सगळं बघत असतो, बोलत नाही.

डबी पाठव. देतील असं नाही, पण पाठव.

तुझी,
ताई

*

देगू,
१८ एप्रिल १९८७

ती. ताईस सा. न. वि. वि.

डबी पाठवते आहे. खाज सुटते हे वाचून झोप लागली नाही, काविळीत अशीच खाज सुटते. आता फार वेळ दवडता येणार नाही. सुट्टी मागितली होती, मिळाली नाही.

मुखवट्याबद्दल पुन्हा बोलणार नाही. तो तुझा आहे.

तुझीच,
इनसुक

*

गांगमाल,
२१ मे १९८७

चि. इनसुकला अनेक आशीर्वाद, आणि थोडे जास्तच.

श्राद्ध पार पडलं. कसं, ते सांगते.

दुपारी शेजारणी भजी तळत होत्या, पुरुष अंगणात चटईवर बसले होते. भावजी मासा घेऊन आले, ओट्यावर बसून सुरी काढली. मी आत गेले. काय करायचं ते ठरवलं होतं असं नाही. पेटी उघडली, मुखवटा चढवला आणि यांचा जुना कोट घालून अंगणात आले. आमच्याकडे बायका मुखवटा घालत नाहीत. कोणी तरी म्हणालं, म्हातारी चळली.

नाचता मला येत नाही. हे शेवटच्या दिवसांत जसे चालायचे तशी चालले. भिंत धरून, थांबून. हात खाजवला. भाताचा वाडगा समोर असल्यासारखा तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. तळहात दुखायचे म्हणून हे कोपरानं दार उघडायचे, तसं फाटक उघडलं.

तेवढ्यात भावजी उठले. मुखवटा नाही, ढोल नाही, नुसतेच फेब्रुवारीतल्यासारखे सरपटत माझ्याभोवती फिरू लागले. सवयीनं उठले असतील, किंवा मला एकटीला नाचू द्यायचं नसेल. कोणीही हसलं नाही. माझ्या पोटाशी येऊन ते थबकले, आणि मुखवट्याकडे बघत म्हणाले, दादा दार कोपरानंच उघडायचा. मग पायरीवर बसले ते बसलेच.

थोड्या वेळानं चिरलेल्या माशाची परात त्यांनी स्वतः उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, वहिनी, याचा रस्सा करा. दादा ओरडला तर मी बघून घेईन.

चूल पेटेना, लाकडं ओली होती. मुखवटा माझ्या हातातच होता. नाचून झालेला मुखवटा होता, इनसुक, रीत रीतच असते. भोपळा सुका होता, भक्कन पेटला. वर मासा उकळायला लागला. चांगला खळखळून उकळू दिला. पानावर तोच वाढला, सगळ्यांनी तोच खाल्ला. सरपंच म्हणाले, चव गेली हो. भावजी म्हणाले, गेली तर जाऊ दे.

आता पेटीत नुसत्या रजया आहेत. परवा उगीचच उघडून पाहिली. घर होतं तसंच आहे, भातही दोघांचाच लागतो.

आज पहाटे फाटकाशी खाकरणं ऐकू आलं. जाऊन पाहते तर कोणी नाही, खांबापाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली डबी. मागाहून निरोप आला, की वर नाव लिहू नका, देगूचे लोक हसतील. सगळ्या गावाला हसवणारा माणूस, आणि हसण्याला भितो!

डबी सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिली आहे. नाव मी लिहिलं आहे, ठळक अक्षरांत. जे निघेल ते लगेच कळव आणि गोळ्या घेऊन तूच ये. संध्याकाळ झाली आहे, भावजी येतील. फाटक उघडं ठेवून बसले आहे.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस,
तुझी दॉकसुनताई