दोन पेल्यांनंतर अटक

२४ मार्च १९८७
कमांडर तिजानीने माझा रेडिओ काढून घेतला, म्हणून हे लिहावे लागते आहे. तिजानी माझ्या बहिणीचा मुलगा. मी त्यावरून सगळ्यांना रस्ते समजावत होते. म्हणाला, "मावशी, हा पाठलाग आहे, भूगोलाचा तास नाही." तो पुढे, पळत्या लिबियन फौजेच्या मागे, मी सगळ्यांत शेवटी, पाण्याच्या ट्रकवर. खार्तूमची भूगोलाची पदवी आणि काम पाणक्याचे! असो. त्यांचा कर्नल मीच धरून आणीन. मग रेडिओ मुकाट्याने परत मिळेल.

२५ मार्च
वाटभर घाण. बूट, मॅकरोनी, अर्धवट खाल्लेले माशांचे डबे. फौज आहे की जेवून उठलेले वऱ्हाड? तोफ टाकून पळालात, समजू शकते. पण झाकणे कशाला भिरकावायची? ड्रायव्हर बिशारा बूट गोळा करतो आहे. त्याने घातलेले दोन्ही डाव्या पायाचे आहेत, असे मी सांगितले. "चालतात मॅडम, वाळूला कुठे कळतंय!" किळस आली.

२६ मार्च, सकाळ
एक सापडला! बिल्ले उपटलेले, ओठ फुटलेले. मी बंदूक रोखली. म्हणाला, "आई, पाणी." आमच्यात आधी पाणी, मग नाव. दिले. तेवढ्यात बिशाराने चहा टाकला, गाढव! तिसरा पेला घेतला की माणूस आपल्या चुलीचा. नजरेआड होईपर्यंत त्याला बोट लावता येत नाही. ठरले: दोन पेल्यांनंतर अटक.

दुपार
दुसरा पेला पिऊन म्हणतो, चहा बरा आहे, साखर जरा कमी. माझ्या चहाला! ही बदनामी घेऊन त्याला कैदेत कसे जाऊ द्यायचे? तिसरा मीच ओतला.
तसाही तो नुसता स्वयंपाकी निघाला. (मॅकरोनीचा गुन्हेगार!) बिशारा कुजबुजला, "मॅडम, स्वयंपाक्याकडे नकाशा?" बाजारहाटाला लागत असेल, म्हटले. त्याच्या नकाशात विहीर भलत्याच जागी होती. दुरुस्त करून दिली. अज्ञान मला बघवत नाही.
उद्या कर्नल.

२७ मार्च
तिजानी आला. कैदी सांगतात, त्यांचा कर्नल बिल्ले उपटून स्वयंपाकी म्हणून फिरतो आहे. "मावशी, तुला दिसला का गं कोणी?" बिशाराला मेल्याला तेव्हाच खोकला आला.
रेडिओचा विषय मी काढला नाही.
सुपूर्द केल्याची नोंद. तिजानीस: ट्रकची किल्ली, त्याने मागितली म्हणून. शत्रूस, माझ्या हाताने: पाण्याची एक मशक, उरलेली सगळी साखर आणि उत्तरेचा अचूक रस्ता.